डेप्युटेशनवरची क्रियापदं

इंग्रजी व्याकरणाच्या बाईला दिवाळी अंकात लिहायला सांगून संपादकांनी धाडसच केलं आहे. आजवर मी दुसऱ्यांच्या वाक्यांवर लाल पेन चालवलं. आता माझ्या वाक्यांवर त्यांचं चालणार आणि ते मला मुकाट्याने सोसावं लागणार. तरी मी हो म्हटलं. डॉक्टरांचे, वकिलांचे, पोलिसांचे अनुभव दर दिवाळीला छापून येतात. व्याकरण शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात काही घडत असेल, यावर मात्र कुणाचा विश्वास नसतो. घडतं, आणि कधी कधी बरंच घडतं.

माझा क्लास बडोद्यात सयाजीगंजला आहे, स्टेशनच्या बाजूला, एका नाश्त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शाळेतली नोकरी संपल्यावर मी तो सुरू केला. संध्याकाळी खाली शेव आणि फाफडा तळायला घेतात. तो वास जिन्याने वर आला की निम्म्या वर्गाचं लक्ष उडतं. विद्यार्थी सगळे मोठे. युनिव्हर्सिटीच्या हॉस्टेलवरची मुलं, प्लँटमधले ऑपरेटर, रेल्वेवाले, नर्सेस. मराठी विद्यार्थी मला ‘बाई’ म्हणतात आणि ते ऐकून गुजराती विद्यार्थी दर वेळी ओशाळतात, कारण त्यांच्या कानाला बाई म्हणजे घरकाम करणारी. ते मला ‘बेन’ म्हणतात. मला दोन्ही चालतं, फी दोघांना सारखीच आहे.

मी काय शिकवते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंग्रजी सगळंच शिकवते, पण एक गोष्ट अशी आहे की ती मी बडोद्यात कुणाहीपेक्षा चांगली शिकवते. नम्रतेचा आव आणून हे लपवण्यात अर्थ नाही. क्रियापद जेव्हा आपलं काम सोडून दुसऱ्याचं काम करायला लागतं, ती गोष्ट.

‘पोहणं तब्येतीला चांगलं’ म्हटलं की पोहणं हे नाम झालं. ‘पोहणारी मुलगी’ यात ते विशेषण झालं. ‘पोहायला गेला’ म्हटलं की तो कशासाठी गेला ते सांगायला ते राबतंय. मराठीच्या तासाला आपण सगळ्यांनी याला ‘धातुसाधित’ म्हणून पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर विसरलो. इंग्रजीत याच कुटुंबाला तीन मोठी नावं आहेत. ती ऐकली की धडधाकट माणसं गळाठतात. म्हणून मी ती नावं पहिला महिनाभर उच्चारतच नाही. मी म्हणते, हे क्रियापद डेप्युटेशनवर गेलंय.

बडोद्यात हे पटकन समजतं. इथल्या मराठी घरांत कुणी ना कुणी रेल्वेत, रिफायनरीत, नाहीतर सरकारी खात्यात असतंच. डेप्युटेशनवरचा माणूस कसा वागतो हे त्यांना मी सांगायची गरज नसते. खुर्ची दुसऱ्या खात्याची, सवयी मूळ खात्याच्या. क्रियापद नाम होऊन बसलं तरी ‘चहा पिणं’ यातला चहा ते सोडत नाही, आपलं कर्म बरोबर घेऊनच येतं. फक्त सहीचा अधिकार त्याच्याकडे राहत नाही. ‘माझं रोज चहा पिणं’ एवढंच म्हणून कुणी गप्प बसलं तर ऐकणारा वाट बघत राहतो. वाक्य पुरं करायला सही करणारं दुसरं क्रियापद लागतं. एवढं डोक्यात बसलं की इंग्रजीची निम्मी भीती जाते, असा माझा अनुभव आहे.

या डेप्युटेशनने माझी करमणूकही पुष्कळ केली. केमिस्ट्रीत पीएच.डी. करणारा एक मुलगा आपला प्रबंध दाखवायला आला होता. त्यातल्या एका इंग्रजी वाक्याचा सरळ अर्थ असा होता: ‘फ्लास्कमध्ये मंद आचेवर उकळत असताना माझ्या मार्गदर्शकांनी तापमान नोंदवले.’ मी त्याला विचारलं, तुझे मार्गदर्शक आता कसे आहेत? तो म्हणाला, बरे आहेत बेन, सकाळीच भेटलो. त्याला काही कळलं नव्हतं. उकळत होतं ते द्रावण, पण वाक्यात द्रावणाचं नावच नव्हतं. असा शब्द मग समोर जो दिसेल त्याला चिकटतो. समजल्यावर तो मुलगा इतका हसला की खालच्या दुकानातून माणूस बघायला आला. तेच वाक्य म्हणे मार्गदर्शकांनी दोनदा वाचून पास केलं होतं.

रेल्वेतल्या एका तिकीट तपासनीसाची गोष्ट तर अजून क्लासमध्ये सांगतात. त्यांच्या मुलीचं लग्न परदेशातल्या घरात ठरत होतं आणि होणारे व्याही फोनवर इंग्रजीच बोलत. आपण सिगारेट ओढायचं थांबवलंय, असं यांना अभिमानाने सांगायचं होतं. इंग्रजीत दोन रूपं शेजारी शेजारी राहतात आणि यांनी नेमकं शेजारचं उचललं. ‘स्टॉप्ड स्मोकिंग’ऐवजी ‘स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणाले, आणि मी सिगारेट ओढायला थांबलोय, असं त्यांनी व्याह्यांना कळवलं. व्याही स्वतःही ओढणारे निघाले म्हणून लग्न पार पडलं. त्यानंतर हे गृहस्थ मन लावून शिकले आणि जाताना पेढे देऊन गेले.

आता लोक विचारतात, मोबाइलच सगळं लिहून देतो, मग तुमच्याकडे कोण येतं? ज्यांना मोबाइल बाहेर ठेवून आत जावं लागतं ते येतात. त्यात सगळ्यात जास्त नर्सेस.

परदेशात नर्सची नोकरी करायची तर इंग्रजीची एक परीक्षा द्यावी लागते. तिच्यात लिहिणं असतं, वाचणं असतं, ऐकणं असतं आणि बोलणं असतं. बोलण्याच्या भागात परीक्षक पेशंट होतो आणि उमेदवाराने नर्स व्हायचं. पेशंटला काहीतरी दुखत असतं, तो घाबरलेला असतो किंवा ऐकत नसतो, आणि नर्सने त्याच्याशी बोलून ते निभवायचं. शहरातले बरेच क्लास यासाठी ठरलेली वाक्यं घोकून घेतात. मला ते चालत नाही. घोकलेलं वाक्य परीक्षकाला दुरून ओळखू येतं, आणि पेशंटलाही.

म्हणून माझ्याकडे एक नियम आहे: आपला पेशंट आपण आणायचा. नर्सने घरातून, शेजारातून कुणालातरी घेऊन यायचं. त्या माणसाने इंग्रजीत तक्रार करायची आणि नर्सने त्याला सांभाळायचं. या नियमापायी माझ्या वर्गात काय काय येऊन बसलं आहे! एकीचा नवरा यायचा. तो तिच्या प्रत्येक वाक्याला ‘येस, येस’ म्हणायचा, कारण घरी तीच सवय होती. एकीने छाणी भागातली आपली शेजारीण आणली, तिचा गुडघा खरोखरच दुखत होता आणि तिला औषध लिहून हवं होतं. हॉस्टेलवरची एक पेशंट तर पोटदुखी सांगता सांगता हसून लोळायची. पण माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली पेशंट आली ती बडोद्यातल्याच अकोट्याहून, आणि तिच्याबद्दलच मला खरं सांगायचं आहे.

वैदेही एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. नवरा वर्षभरापूर्वी नोकरीसाठी इंग्लंडला गेलेला. तिलाही तिथल्या एका हॉस्पिटलने जागा देऊ केली होती, पण इंग्रजीची परीक्षा पास झाली तरच, आणि तीही दिवाळीच्या आत. दोनदा ती बोलण्याच्या भागात अडकली होती. ही तिसरी खेप. पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसली तेव्हा पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

“ह्या वेळेला पण गेलं ने बाई, तर पत्युं, संपलंच,” ती म्हणाली. “जागा दुसरीला देऊन टाकतील.”

मी तिला बोलायला लावलं. शब्द चांगले होते, उच्चार चांगले होते. पण ती बोलायला लागली की रेल्वे स्टेशनवरची सूचना ऐकतोय असं वाटे. पेशंट रडो की हसो, हिचं वाक्य ठरलेलं: आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, तुमची काळजी मला समजते. तिला मी नियम सांगितला. ती म्हणाली, घरी सासूबाईंशिवाय कुणीच नाही. मी म्हटलं, मग त्यांना आण.

सुमनताई आल्या. सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या, सुती साडी, केस चापूनचोपून बांधलेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. ज्या काळात बाहेरगावचा फोन लावून मिळायचा त्या काळातलं त्यांचं काम. त्यामुळे इंग्रजी येत होतं, पण खात्याचं. लाइन व्यस्त आहे, कृपया थांबा, तीन मिनिटं झाली, एवढंच. आवाज मात्र असा स्वच्छ की वर्गात त्या बोलल्या तर शेवटच्या बाकावर ऐकू यावं.

पहिला सराव मी कधी विसरणार नाही. वैदेहीने विचारलं, आज कसं वाटतंय? सुमनताई म्हणाल्या, “नो प्रॉब्लेम. थँक्यू.” वैदेहीने पुन्हा विचारलं, कुठे दुखतंय का? “नो, नो. थँक्यू.” सराव संपला. पेशंटला काही होतच नसेल तर नर्सने करायचं काय?

मी सुमनताईंना बाजूला घेऊन समजावलं की तुम्हाला तक्रार करायची आहे. त्या म्हणाल्या, ते मला जमणार नाही. ऑपरेटरच्या नोकरीतली पहिली शिस्त अशी की दोन माणसं बोलत असताना आपलं काही मध्ये घालायचं नाही. मरणाच्या बातम्या, बाळंतपणाच्या बातम्या, नवरा-बायकोची भांडणं, सगळं कानावरून गेलं, पण त्यांनी तोंड उघडलं नाही. घरीही तेच अंगवळणी पडलं. वैदेही मला नंतर म्हणाली, लग्न होऊन सहा वर्षं झाली बाई, आईंनी भाजीत मीठ कमी आहे एवढंही कधी सांगितलं नाही.

मला चेव चढला. तक्रार ही शिकवता येते, आणि ती शिकवायला डेप्युटेशनसारखं साधन नाही. मी सुमनताईंना म्हटलं, दिवसभरात जे जे करता ते सांगा. उठणं, जिने चढणं, भांडी घासणं, वाट बघणं. आता एकेका क्रियापदाला नाम करा आणि वाक्यात पहिल्या खुर्चीवर बसवा. मग ते सोपं आहे की अवघड, तेवढं पुढे सांगा. तुम्हाला ‘मला’ म्हणायचीसुद्धा गरज नाही. हे शेवटचं त्यांना फार आवडलं. ‘मला त्रास होतो’ हे त्यांच्या तोंडून येत नव्हतं, पण “क्लाइंबिंग स्टेअर्स इज पेनफुल,” म्हणजे जिने चढणं त्रासाचं आहे, हे त्या खणखणीत बोलल्या. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर ती बाई सुटलीच. आठवड्यातून तीन संध्याकाळी सासूसून रिक्षाने यायच्या आणि सुमनताई नवनवीन आजार घेऊन यायच्या. झोप न लागणं, चष्मा न सापडणं, हॉस्पिटलचा चहा गार मिळणं, शेजारच्या खाटेवरच्या बाईचं घोरणं. इतर नर्सेसही त्यांना पेशंट म्हणून मागायला लागल्या. एक गुजराती मुलगी तर हट्ट धरून म्हणाली, “बेन, मने सुमनमासीच जोईए, बाकीचे पेशंट तो साव फिक्का.” वैदेही मला हसत सांगायची की घरीही आता इंग्रजी सुरू झालंय. परवा भांड्यांचा ढीग बघून आई म्हणाल्या, एवढी भांडी घासणं माझ्या पाठीला चांगलं नाही. इंग्रजीत म्हणाल्या. मी उठून निम्मी घासली.

हे ऐकून मला किती आनंद झाला असेल ते शिकवणाऱ्यालाच कळेल. सहा वर्षं एका घरात मराठीत जे बोललं गेलं नाही, ते माझ्या धातुसाधितांनी दोन महिन्यांत बोलायला लावलं.

वैदेहीचं मात्र गाडं अडलेलं होतं. वाक्यं सुधारली होती, तुटक बोलणं गेलं होतं. पण पेशंट जरा हळवा झाला की ती तिच्या त्या घोकलेल्या वाक्यामागे जाऊन लपायची. परीक्षा जवळ आली. त्याच सुमारास मी वर्गात जाहीर केलं होतं की दिवाळीनंतर क्लास बंद करणार. माझे गुडघे जिना चढायला साथ देईनासे झाले होते, आणि बंगळूरची माझी मुलगी रोज फोनवर म्हणत होती, आई, आता पुरे. वैदेहीच्या तुकडीला पार पाडायचं आणि थांबायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी सरावासाठी एक अवघड प्रसंग काढला. म्हातारी पेशंट, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. तिला घरी सोडायचंय, पण ती जायला तयार नाही. नर्सने कारण काढून घ्यायचं आणि तिची समजूत घालायची. पेशंटच्या कार्डावर कारण लिहिलेलं होतं: पुन्हा पडण्याची भीती. सुमनताईंनी कार्ड वाचलं, परत दिलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या.

वैदेहीने सुरुवात चांगली केली. मग विचारलं, तुम्हाला घरी का जायचं नाही? सुमनताई आपल्या हातांकडे बघत राहिल्या. वैदेहीने पुन्हा विचारलं. त्यांनी फक्त पदर सारखा केला. ती गडबडली आणि तिने ते वाक्य काढलं, “आय अंडरस्टँड युअर कन्सर्न.”

“नो,” सुमनताई म्हणाल्या. “यू आर नॉट लिसनिंग.”

तू ऐकत नाहीयेस. वैदेहीने सावरून विचारलं, मग तुम्हाला कशाची भीती वाटते?

“लिव्हिंग अलोन,” सुमनताई म्हणाल्या.

एकटं राहण्याची. कार्डावर हे नव्हतं. ते मला माहीत होतं आणि वैदेहीलाही कळलं. ती पास झाली की जाणार होती. इंग्लंडात सासूला फार तर भेटीला नेता येतं, कायमचं नेता येत नाही. अकोट्याच्या फ्लॅटमध्ये मागे कोण उरणार, हा प्रश्न त्या घरात वर्षभर होता. दोघी आठवड्यातून तीनदा एका रिक्षात बसून इथे येत होत्या, पण तो प्रश्न त्यांनी एकदाही काढला नव्हता. एकीला वाटे, विचारलं तर त्या जाऊच नको म्हणतील. दुसरीला वाटे, सांगितलं तर ती जाणार नाही. वैदेहीचे डोळे भरले आणि तिने माझ्याकडे बघितलं. सराव थांबवणं माझ्या हातात होतं. मी थांबवला नाही.

सुमनताई त्या दिवशी एवढंच मराठीत बोलल्या, अगदी हळू: “रडायचं नाही. पेशंटसमोर नर्स रडत नाही. विचार पुढे.”

वैदेहीने नाक पुसलं. मग तिने एक गोष्ट केली जी मी तिला शिकवली नव्हती. आपली खुर्ची उचलली आणि सुमनताईंच्या अगदी जवळ नेऊन ठेवली. बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि विचारलं, कधीपासून भीती वाटते? तू शिकायला लागलीस तेव्हापासून, सुमनताई म्हणाल्या. दिवसातला कुठला वेळ जड जातो? दिवे लागतात तो. रात्री बरं नाही वाटलं तर कुणाला बोलवाल? शेजारच्या शहाबेनना, पण त्यांना ऐकू कमी येतं. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. साधी, छोटी वाक्यं, चुकतमाकत, आणि एकही घोकलेलं नाही. बाकीच्या नर्सेस वह्या मिटून बघत होत्या. वैदेहीने शेवटी विचारलं, काय असेल तर तुम्हाला बरं वाटेल?

सुमनताईंनी वर्गावरून एकदा नजर फिरवली.

“कमिंग हिअर,” त्या म्हणाल्या. इथे येणं.

नर्सचं काम तिथे संपत नाही. पेशंटला घरी सोडायचं तर पुढची सोय पक्की करावी लागते. वैदेही माझ्याकडे वळली. तिलाही माहीत होतं की मी क्लास बंद करणार आहे, सगळ्यांनाच माहीत होतं. तिने त्याच आवाजात, इंग्रजीतच मला विचारलं, “बाई, विल यू बी हिअर?” तुम्ही इथे असाल ना?

“येस,” मी म्हटलं.

वैदेही पास झाली, चांगल्या श्रेणीत. परीक्षा देऊन आली तेव्हाच मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. म्हणाली, परीक्षकाने पेशंट म्हणून बोलायला सुरुवात केली आणि मी आधी खुर्चीच पुढे ओढली. माझ्या विद्यार्थिनी आज कुठल्या कुठल्या देशांत आहेत. कुणी आयर्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियात, आणि त्यांच्या बातम्या आल्या की माझी मान ताठ होते. पण वैदेहीच्या निकालाच्या दिवशी मी खालच्या दुकानातून सगळ्या वर्गाला जिलेबी मागवली. दुकानदार म्हणाला, बेन, आज काय खास? मी म्हटलं, माझी पेशंट पास झाली. तो काही समजला नाही आणि मी समजावलंही नाही.

क्लास चालूच राहणार, असं मी वर्गाला सांगितलं आणि मुलीलाही फोनवर सांगितलं. ती चिडली. मी म्हटलं, काय करू, एका वृद्ध बाईला शब्द दिलाय, तिला दुसरं कुणी नाही. असं मी शेजारी सांगितलं, बहिणीला सांगितलं, ज्याने विचारलं त्याला सांगितलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते करवून घेतलं.

दिवाळी झाली आणि वैदेही गेली. वर्गाची सुट्टी अजून संपायची होती, पण दोन दिवसांनी संध्याकाळी मी खोली आवरायच्या निमित्ताने क्लासमध्ये गेले होते. फळा पुसत होते तोच जिन्यावर पावलं वाजली. सुमनताई. रिक्षाने एकट्याच आल्या होत्या. मी म्हटलं, आज क्लास नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतं, त्या म्हणाल्या. घरात बसवेना. मग आमचं विमानाचं, सामानाचं, पोहोचल्याच्या फोनचं बोलणं झालं. चहा मागवला, तो प्यायलो. त्या निघतील असं मला वाटलं.

“बाई, एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी वैदेहीला तुम्ही येस म्हणालात.”

“हो. म्हणजे मी आता बंद करत नाही. काळजी करू नका.”

“सगळ्यांना वाटलं तुम्ही माझ्यासाठी म्हणालात. मलाही तसंच वाटलं होतं. पण बाई, मी सगळा जन्म लोकांचे आवाज ऐकण्यात घालवलाय. माणूस हो म्हणताना दुसऱ्याला हात देतो की स्वतः काही धरून ठेवतो, ते मला कळतं. तुम्ही धरलंत.”

मी हसून वेळ मारून नेली. गुडघे, जिना, मुलीचा राग, असं काहीबाही बोलत राहिले. त्या हसल्या नाहीत. उठल्या, आपली खुर्ची उचलून माझ्या खुर्चीला लागून ठेवली आणि बसल्या.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

इतक्या माणसांना मी तक्रार करायला शिकवलं, आणि माझ्याच तोंडून पहिला शब्द निघेना. मग निघाला. आमचे हे गेल्यापासून, मी म्हटलं. सुट्टीच्या दिवशी घरात माणसाचा आवाज हवा म्हणून मी बातम्या लावून ठेवते, बघत नाही, हेही सांगितलं. मराठीतच सांगत होते. खाली स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांचा गोंगाट चालला होता. सुमनताई उठल्या, खिडकी लावून घेतली आणि परत जागेवर येऊन बसल्या.

“हं, आता नीट ऐकू येतंय,” त्या म्हणाल्या. “बोला.”